दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: पूर्णा परिसरातले रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न

"डॉक्टर साहेब, दाढ लई ठणकायली. दोन दिवसांच्या गोळ्या लिहून द्या. सोयाबीन निघालं की येऊन काढून टाकतो."

पूर्णा, बसमत, पालम, गंगाखेड या भागात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ झालेलं असतं. कधी सोयाबीनच्या जागी कापूस किंवा हळद असते, कधी मुलीचं लग्न, तर कधी रेल्वेतली ड्यूटी. कारणं खोटी नसतात. पण दाताचं दुखणं सुगी संपण्याची वाट बघत नाही. जो दात आज तासाभरात सिमेंट भरून वाचला असता, त्याला चार महिन्यांनी रूट कॅनाल लागतं, आणि वर्षभराने तो काढावाच लागतो. पैसेही त्याच क्रमाने वाढतात.

उशीर होतो तो बहुतेक वेळा भीतीमुळे आणि ऐकीव माहितीमुळे. म्हणून रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे सोप्या भाषेत देत आहोत. लेख घरातल्या सगळ्यांसाठी आहे: लहान लेकरापासून कवळी लावणाऱ्या आजीपर्यंत.

फॅमिली डेंटिस्ट म्हणजे कोण? आणि कॉस्मेटिक डेंटिस्ट वेगळा असतो का?

घरातल्या सगळ्यांचे दात तपासणारा, साफ करणारा, सिमेंट भरणारा, दात काढणारा, कवळी बसवणारा डॉक्टर म्हणजे तुमचा फॅमिली डेंटिस्ट. त्याची पदवी बीडीएस असते. त्यापुढे एखाद्या विषयात एमडीएस केलेले तज्ज्ञ असतात. कोणी हिरड्यांचे, कोणी लहान मुलांच्या दातांचे, कोणी वाकडे दात सरळ करणारे, कोणी जबड्याच्या शस्त्रक्रियेचे.

कॉस्मेटिक म्हणजे दात दिसायला चांगले करण्याची कामं: डाग घालवणं, फट बुजवणं, तुटलेला कोपरा भरणं, दात पांढरे करणं. यातली बरीच कामं साधा बीडीएस डॉक्टरही करतो. डॉक्टर कोणताही असो, त्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असली पाहिजे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. तो बघण्यात किंवा विचारण्यात काही गैर नाही.

काही दुखत नाही, मग कशाला जायचं?

कारण दात किडायला लागतो तेव्हा दुखत नाही. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्यात नस नसते, म्हणून तिथे खड्डा पडला तरी कळत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड, गोड लागायला लागतं. ती नसेपर्यंत पोचली की रात्री ठणका सुरू होतो. म्हणजे दुखणं ही सुरुवात नसून बरंच काही बिघडल्याची खूण असते.

हिरड्यांचा आजार तर याहून गुपचूप वाढतो. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, पण दुखत नाही. मग पन्नाशीच्या आत दात हलायला लागतात आणि माणूस म्हणतो, "आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात."

म्हणून सहा महिने ते वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल किंवा आधी हिरड्यांवर उपचार झाले असतील तर डॉक्टर सांगेल त्याप्रमाणे लवकर जा.

पहिल्या भेटीत काय होतं?

डॉक्टर आधी विचारपूस करतो, मग आरसा आणि उजेड घेऊन सगळे दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू बघतो. गरज वाटली तर एका दाताचा छोटा एक्स-रे काढतो. त्यातून मिळणारी किरणं अगदी थोडी असतात. साधारण एका दिवसात आपल्याला निसर्गातून मिळतात तेवढी किंवा त्याहूनही कमी.

जाताना काही गोष्टी सोबत न्या आणि सांगा:

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या किंवा त्यांची पाकिटं. नाव आठवत नसेल तर पाकीटच पिशवीत टाका.
- बीपी, शुगर, हृदयविकार, दमा, फिट, कावीळ, मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो.
- हृदयात झडप बसवली असेल किंवा स्टेंट टाकला असेल तर ते.
- एखाद्या औषधाची किंवा इंजेक्शनची अॅलर्जी.
- हाडं ठिसूळ झाल्यामुळे किंवा कॅन्सरसाठी हाडांचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते. अशा रुग्णाचा दात काढल्यावर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.
- गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही.

दात काढायला जायचं म्हणून उपाशीपोटी जाऊ नका. साधं भूल देऊन दात काढताना पोटात अन्न असलेलं बरं. शुगरच्या रुग्णाने तर नाश्ता आणि गोळी नेहमीच्या वेळी घेऊनच यावं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती बंद करून येऊ का?

स्वतःहून बंद करू नका. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला समजा. हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेलेल्या रुग्णाला ही गोळी पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून दिलेली असते. ती अचानक थांबवण्याचा धोका जिवावरचा असू शकतो. दात काढल्यावर येणारं रक्त मात्र बहुतेक वेळा कापूस दाबून, टाका घालून थांबवता येतं. काय करायचं ते दाताचा डॉक्टर आणि हृदयाचा डॉक्टर बोलून ठरवतील. तुमचं काम एकच: गोळी चालू आहे हे सांगणं.

इंजेक्शन फार दुखतं का?

सुई टोचताना क्षणभर चुणचुणतं. बरेच डॉक्टर आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावतात. मग ओठ, गाल जड होतात आणि दोन-तीन तास तसेच राहतात. दात काढताना दाब आणि ओढ जाणवते, पण दुखायला नको. दुखलं तर हात वर करा, डॉक्टर थांबेल आणि आणखी भूल देईल.

खूप सुजलेल्या, पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. "मागच्या वेळी लई दुखलं होतं" असं सांगणारे बरेच रुग्ण सूज आल्यावर आलेले असतात. लवकर आलं की कमी दुखतं, हे इथेही खरं आहे.

लहान मुलांना भूल दिल्यावर ओठ चावून घ्यायची सवय असते. दोन-तीन तास त्यांच्यावर लक्ष ठेवा.

मेडिकलवरून गोळ्या आणल्या, ठणका थांबला. मग झालं ना?

नाही. ठणका थांबण्याचं एक कारण वाईटही असतं: आतली नस मरून गेलेली असते. मेलेल्या नसेला दुखत नाही, पण ती कुजते, आणि मुळाच्या टोकाशी पू साठायला लागतो.

अँटिबायोटिक गोळी रक्तातून जाते. नस मेलेल्या दाताच्या आत रक्त पोचत नाही, मग गोळीही तिथे पोचत नाही. गोळीने सूज थोडी उतरते, पण घर तसंच राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दरवेळी अर्धा कोर्स घेतल्याने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, हा वेगळाच तोटा.

दुखणं कमी करण्यासाठी डॉक्टरकडे पोचेपर्यंत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लवंगेच्या तेलाचा छोटा बोळा किडलेल्या खड्ड्यात ठेवला तर तात्पुरतं बरं वाटतं. हिरडीला लागलं तर मात्र भाजतं. तंबाखू, चुना किंवा गोळीची पूड हिरडीवर दाबून ठेवू नका. त्याने कातडी जळते आणि दुखणं दुप्पट होतं.

रूट कॅनाल करावं की दात काढून टाकावा? "एकदाचा काढून टाका, कटकट नको."

रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली किडलेली नस काढायची, पोकळी साफ करायची, आणि ती औषधी पदार्थाने बंद करायची. एक ते तीन वेळा यावं लागतं. दाढ असेल तर वर कॅप बसवतात, कारण नस काढलेली, आतून पोखरलेली दाढ चावताना चिरण्याची भीती असते. कॅप न बसवता तसंच राहणारे आणि वर्षभरात दाढ दुभंगून परत येणारे रुग्ण काही कमी नाहीत. पैशाची अडचण असेल तर तसं स्पष्ट सांगा. साध्या धातूची कॅप स्वस्त असते आणि मागच्या दाढेला ती चांगली चालते.

दात काढल्यावर कटकट संपत नाही, वेगळी सुरू होते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, अन्न अडकायला लागतं, माणूस एकाच बाजूने खायला लागतो. काढलेल्या दाताच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायचा खर्च बहुतेक वेळा रूट कॅनालपेक्षा जास्त होतो.

अर्थात प्रत्येक दात वाचतोच असं नाही. मूळच चिरलं असेल, हाड संपल्यामुळे दात खूप हलत असेल, वर काही शिल्लकच नसेल तर काढणं योग्य. "माझा दात वाचण्यासारखा आहे का, आणि किती वर्षं टिकेल?" हा प्रश्न डॉक्टरला जरूर विचारा.

वरचा दात काढला की नजर कमी होते, हे खरं का?

नाही. दाताची नस आणि डोळ्याची बघण्याची नस वेगळ्या आहेत. दात काढल्याने नजर जात नाही. हा समज बहुधा असा पडला असावा की दात काढायची वेळ आणि चष्मा लागायची वेळ साधारण एकाच वयात येते. उलट, वरच्या दाताला पू होऊन तो तसाच ठेवला तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते. म्हणजे धोका आहे तो दात न काढण्यात.

दात साफ केल्याने ते ढिले होतात का?

हाही असाच समज. दातांवर साठलेलं कीटण दगडासारखं घट्ट असतं आणि ब्रशने निघत नाही. त्याच्याखाली हिरडी सुजते, हाड झिजते. स्केलिंगच्या मशीनने ते काढलं की आधीच झालेलं नुकसान दिसायला लागतं: फटी उघड्या पडतात, काही दिवस थंड लागतं, आणि कीटणाच्या आधाराने उभा असलेला दात हलतो असं वाटतं. दात मशीनने ढिला होत नाही. तो आधीच ढिला झालेला असतो, कीटणाने ते लपवलेलं असतं.

दातात किडा असतो का? धुरी दिल्यावर किडे पडलेले आम्ही डोळ्यांनी बघितलेत.

रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडे" पाडून दाखवणारे लोक गावोगाव होते, अजूनही भेटतात. दातात वळवळणारा किडा नसतो. कीड हा नुसता शब्द आहे. खरं काम करतात डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. धुरीनंतर दाखवले जाणारे "किडे" दातातून आलेले नसतात. त्या धुराने थोडा वेळ बधिर वाटलं तरी खड्डा तिथेच राहतो.

याहून नुकसान करतात ते रस्त्याकडेला, बाजारात किंवा जत्रेत बसून "लगेच फिक्स दात" लावून देणारे. ते शेजारच्या चांगल्या दातांना तार बांधून, वरून कच्चं प्लास्टिक ओतून दात चिकटवतात. तो काढून धुता येत नाही, खाली अन्न कुजतं, आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे चांगले दातही हलतात. कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला हा व्यवसाय करता येत नाही. शिवाय न उकळलेल्या हत्यारातून हिपॅटायटिस बी सारखे आजार लागू शकतात. डॉक्टरच्या दवाखान्यातही "हत्यारं ऑटोक्लेव्ह केलीत ना? सुई नवी आहे ना?" असं विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांच्यावर खर्च कशाला?

पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. चार वर्षांच्या लेकराची दाढ किडली तर त्याला पुढची सहा-सात वर्षं त्याच दाढेने खायचं असतं. ती लवकर काढली तर जागा आवळते आणि नंतरचा पक्का दात वाकडा येतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक आई-वडिलांना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. ती पक्की असते आणि जन्मभर पुरवायची असते. तिच्यातल्या खोल खाचा डॉक्टर पातळ सिमेंटने बुजवून देऊ शकतो. याला सीलंट म्हणतात. त्यात सुईही लागत नाही.

घरी एवढं करा:

- झोपताना तोंडात दुधाची बाटली ठेवू नका.
- पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी.
- सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईने किंवा बाबांनी करून द्यावा.
- पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एकदा डॉक्टरला दाखवा.
- "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचंल" अशी भीती घालू नका. तीच भीती पुढे चाळीस वर्षं सोबत राहते.

गरोदरपणात दाताचा उपचार चालतो का?

चालतो. सफाई, सिमेंट भरणं, गरज पडली तर भूल देऊन दात काढणंही चालतं. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. पण सूज किंवा पू असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नका. या दिवसांत हिरड्या जास्त सुजतात आणि त्यातून रक्त येतं, म्हणून ब्रश बंद करू नका. गोळ्या मात्र मेडिकलवरून स्वतः घेऊ नका.

आमच्या मुलाच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. घासूनही जात नाहीत.

असे डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, आडव्या पट्ट्यांसारखे असतील, आणि घर बोअरच्या पाण्यावर असेल, तर फ्लोराईडचा विचार करावा लागतो. मराठवाड्यात नांदेड, बीड जिल्ह्यांतल्या काही गावांत आणि यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत भूजलात फ्लोराईड जास्त आढळलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम, असं भारतीय मानक आहे.

हे डाग दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत पडतात. म्हणून मोठ्या मुलाचे डाग बघून धाकट्याचं पाणी बदलणं हा खरा उपाय. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. ग्रामपंचायतीमार्फत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. नळाचं, नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळत असेल तर लहान मुलांना ते प्यायला द्या. पडलेले डाग हलके असतील तर वरचा थर घासून, आणि गडद असतील तर दातावर त्याच रंगाचं सिमेंट लावून झाकता येतात.

लग्न तोंडावर आलंय. दात पांढरे आणि सरळ करून मिळतील का?

हा प्रश्न आता खेड्यापाड्यातूनही येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हसताना ओठांवर हात ठेवणाऱ्या मुलीला किंवा मुलाला दात नीट झाल्यावर किती मोकळं वाटतं ते आम्ही बघतो. फक्त वेळेचा हिशोब आधी करा.

- *सफाई:* एका भेटीत होते. तंबाखू, चहा, पानाचे वरचे डाग यानेच निघतात. बऱ्याच जणांना एवढंच पुरतं.
- *दात पांढरे करणं म्हणजे ब्लीचिंग:* दवाखान्यात किंवा डॉक्टरने दिलेल्या ट्रेने घरी. काही दिवस थंड लागतं. कॅप आणि सिमेंट याने पांढरं होत नाही, आणि रंग कायमचा टिकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर महिलांना सहसा करत नाहीत.
- *फट बुजवणं, तुटलेला कोपरा भरणं:* दाताच्या रंगाच्या सिमेंटने बहुतेक वेळा एका दिवसात, दात फारसा न घासता.
- *व्हिनियर:* पुढच्या दातांवर पातळ पापुद्रा चिकटवणं. यासाठी बहुतेक वेळा इनॅमल घासावं लागतं, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. किडलेला नसलेला दात यासाठी घासायचा का, याचा घरी बसून विचार करा. त्याच दिवशी हो म्हणू नका.
- *तारा:* साधारण दीड ते दोन वर्षं. मोठ्या वयातही लावता येतात. लग्नाला दोन महिने असताना तारा लावून काही साधत नाही.

लग्नासाठी काम करायचं असेल तर तारीख ठरताच, निदान तीन महिने आधी या. सफाई आणि कीड भरणं आधी, शोभेची कामं नंतर. लिंबू, सोडा, कोळसा किंवा मशेरी घासून दात पांढरे करू नका. त्याने इनॅमल झिजतं आणि खालचा पिवळा थर आणखी दिसतो.

तंबाखू, मशेरी, गुटखा: एवढंसं खाल्लं तर काय होतं?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याच्या विक्रीवर बंदी आहे, तरी पुडी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. मशेरी ही भाजलेली तंबाखूच. "मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते" असं म्हणणाऱ्या मावशीलाही धोका तोच.

आरशासमोर उभं राहून महिन्यातून एकदा हे बघा: गालाच्या आत, जिभेखाली, तंबाखू ठेवता त्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? तिखट लागल्यावर आग होते का? सुपारी, गुटख्याने तोंड आतून आवळत जातं. ते वेळीच ओळखून सवय सुटली तर पुढचं नुकसान टळतं. दोन आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम, मग ती दुखो वा न दुखो, डॉक्टरला दाखवा. सुरुवातीचा कर्करोग सहसा दुखत नाही. सवय सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आजी-आजोबांच्या कवळीचं काय?

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, सकाळी साबण आणि मऊ ब्रशने धुवायची. गरम पाण्यात टाकली तर आकार बिघडतो. कवळी टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका. काही वर्षांनी हिरडी बसते आणि कवळी ढिली होते. तेव्हा ती आतून भरून घेता येते. दात नाहीत म्हणून तपासणी नको असं नाही. कवळीखालची जखम बघायलाही वर्षातून एकदा न्या.

दात काढल्यावर काय पाळायचं?

- कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. थुंकू नका, गिळा.
- पहिले २४ तास चूळ भरू नका, गरम आणि तिखट खाऊ नका. थंड दूध, दही-भात, मऊ खिचडी गार करून चालेल.
- दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या.
- तंबाखू, विडी निदान तीन दिवस नाहीच. नाहीतर रक्ताची गुठळी निघून जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोराचा ठणका सुरू होतो.
- लाळेत गुलाबी रंग दिसणं ठीक. तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल तर लगेच डॉक्टरला फोन करा.

खर्च किती येईल? आणि परवडत नसेल तर?

उपचार सुरू होण्याआधीच विचारा: काय काय करायचं आहे, किती भेटी, एकूण किती पैसे, स्वस्त पर्याय कोणता, आणि सगळ्यात आधी कोणतं काम अडलंय. कागदावर लिहून घ्या. सगळं एकदम करायची गरज नसते. दुखणारं आणि पू असलेलं आधी, मग कीड, मग शोभेचं.

सरकारी सोयही आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. परभणीला जिल्हा रुग्णालय आणि दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि पूर्णा जंक्शनवरून तिकडे थेट गाड्या आहेत. महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी लागतात.

कधी एक दिवसही थांबायचं नाही?

पुढचं काही दिसलं तर रात्र असली तरी नांदेड किंवा परभणीच्या मोठ्या रुग्णालयात जा:

- सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे वाढत चालली आहे.
- गिळता येत नाही, बोलताना आवाज बदलला, श्वासाला त्रास होतोय, तोंड उघडत नाही.
- सुजेसोबत ताप आणि खूप अशक्तपणा आहे, त्यातही मधुमेह असेल तर.
- दात काढल्यानंतर रक्त थांबत नाही.

पडून किंवा मार लागून मोठ्या मुलाचा पक्का दात अख्खा बाहेर आला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा आणि जमलं तर त्याच जागी बसवा. नाहीतर थंड दुधात बुडवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात डॉक्टरकडे पोचा. तो दात पुन्हा जगू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

शेवटी एवढंच

सकाळी आणि रात्री झोपताना, मऊ ब्रशने, फ्लोराईडच्या साध्या पेस्टने दोन मिनिटं. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. जोरात घासू नका. त्याने दाताच्या मुळाशी खाचा पडतात. चहा आणि गोड दिवसभर थोडं थोडं घेण्यापेक्षा जेवणासोबत घ्या.

आणि पुढच्या वेळी पूर्णेच्या बाजाराला याल तेव्हा, दुखत असो वा नसो, अर्धा तास काढून घरातल्या एका माणसाचे दात दाखवून घ्या. सोयाबीन निघायच्या आधीच.